दादाच्या गाडीचे पुढचे ब्रेक

दादा गेल्याची बातमी मला दुकानात कळली. मी एका नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत होते आणि वहिनींचा फोन आला. वहिनी स्वतःहून कधी फोन लावत नाहीत. बोलायचं असलं तर दादाकडून लावून घेतात आणि मग कानाला धरतात. त्यामुळे पडद्यावर त्यांचं नाव दिसताच माझा हात जागीच थांबला. "सुमनताई, तुमचे दादा मळ्यात पडले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे विहिरीवरच्या मोटरचा आवाज येत होता, ती बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. पडले म्हणजे काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही... नवरीच्या हातात अर्ध्याच बांगड्या होत्या. तिनंच मला धरून खुर्चीवर बसवलं आणि कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

आदिलाबादच्या बाजारातून दादाच्या गावी, मावल्याला, पोहोचायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्या वाटेत दोघांनी मला थांबवून विचारलं, "गाडीतच होते का?" पुढे भेटायला येणाऱ्यांचं तेच. बसायचे, पाणी प्यायचे, उसासा टाकायचे आणि हळूच म्हणायचे, शेवटी त्या लाल गाडीनंच घात केला म्हणायचा. मला आधीच राग लवकर येतो, त्यात हे. मी सांगायचे, दादा वांग्याच्या वाफ्यात गेला, सकाळी पाणी देताना. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, तिला हातसुद्धा लागला नव्हता. ते मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "पण मागे घाटात काहीतरी झालं होतं म्हणे?" घाटात झालं होतं. मी त्या गाडीत बसले होते. काय झालं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं, त्यातला एक आता नाही. हे मी दादाच्या बायकोला आणि लेकीला विचारून लिहिते आहे. त्यांना ते कधी आणि कसं कळलं, तेही सांगते.

माझा भाऊ रामदास भाजीवाला होता. आमचे वडील भाजी लावायचे, त्यानंही तेच केलं. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, उन्हाळ्यात काकडी. यंत्रांचा नाद त्याला विहिरीवरच्या इंजिनानं लावला. ते बंद पडलं की मिस्त्रीची वाट पाहण्यात वाफे सुकायचे, म्हणून तो स्वतःच खोलायला लागला, आणि मग गावातल्या निम्म्या इंजिनांचा डॉक्टर झाला. बोलायचा कमी. काम करताना तर त्याच्याशी बोललेलंही चालायचं नाही. हात इतक्या वेळा धुवायचा की वहिनी साबण लपवून ठेवायच्या. देवापेक्षा त्याचा नटबोल्टवर विश्वास जास्त, पण तसं म्हणायची त्याची हिंमत नव्हती, कारण घरातले सगळे देव वहिनींच्या ताब्यात होते.

ती गाडी एका सिमेंट कारखान्यातल्या साहेबांची. दोन दारांची, मागचं दार वर उघडणारी, दिसायला खेळण्यासारखी. पण बनवणाऱ्यांनी तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. तरण्या पोरांनी पळवावी म्हणूनच काढलेली. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं, साहेबांची बदली झाली, आणि गाडी लिंबाखाली उभी राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या तेव्हा दादानं ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. मी म्हटलं, "दादा, हे कायले आणलं? वहिनी तुले कोंबड्यांसोबत बाहेर झोपवतीन." तो हसला. मग कितीतरी वर्षं ती उघडलेल्या पोटानं शेडमध्ये पडून होती. पत्रा ठोकला, रंग दिला, इंजिन उतरवलं, चढवलं. ती पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर बाजारात आली तेव्हा भाजीवाल्या तेलुगू बाया टोपल्या सोडून उठल्या. "एर्र कारू, एर्र कारू," म्हणजे लाल कार, असं ओरडत त्यांनी तिला हात लावून पाहिलं. दादा त्या दिवशी नव्या नवरदेवासारखा लाजला होता.

घाटातल्या प्रकाराआधी इंद्रवेल्लीच्या वाटेवरही एक दिवस आला. दादा लेकीला, स्वातीला, घेऊन निघाला होता. ती तेव्हा शाळेत होती आणि बापाला "बाबा, अजून, अजून" म्हणणारी होती. उताराचा, वळणांचा रस्ता. बापलेक मजेत. पुन्हा पुन्हा दाबून ब्रेक तापले आणि एका वळणानंतर पाय खाली गेला, गाडी मात्र थांबेना. समोर कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी. दादानं गिअर पाडला, हॅन्डब्रेक ओढला, आणि गाडी जाऊन बंडीच्या मागच्या कापसात रुतली. कापूस होता म्हणून! ज्वारीची पोती असती तर मला आज दोघांवर लिहावं लागलं असतं. स्वाती हसत होती, तिला ती गंमत वाटली. दादा घरी आला, गाडीच्या जाळीतला कापूस एकेक पुंजका करून काढत बसला आणि त्यानंतर कितीतरी महिने त्यानं तिला चावी लावली नाही. "इंजिन मोठं देल्लं त्यायनं," तो मला म्हणाला, "पण पुढचे ब्रेक लहान्या गाडीचेच ठेवले. पोरगी मोठी होऊन राह्यली, सुमे. उद्या ती मांगन चावी. तवा काय सांगू?"

तो प्रश्न त्याच्या डोक्यातून पुढे कधीच गेला नाही. लेक ही गाडी मागणार, हे त्याला ठाऊक होतं. नाही म्हणणं त्याला जमणार नव्हतं, हेही. म्हणून ती मागण्याआधी पुढचे ब्रेक बदलायचे, असं त्यानं ठरवलं. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी असते, ती चाकाबरोबर फिरते, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसला की चाक थांबतं. थाळी जेवढी मोठी, तेवढी ती उशिरा तापते. एवढं मला दादानं भाकरीवर बोटं दाबून समजावलं होतं. त्याच कंपनीच्या एका जड गाडीच्या थाळ्या आणि चिमटे त्यानं नागपूरच्या भंगार बाजारातून शोधून आणले. ते आमच्या गाडीला बसेनात. मग मंचेरियलला एका लेथवाल्याकडून मधले तुकडे करून आणले. ते सुताएवढे चुकले, म्हणून पुन्हा गेला. ते बसले तर चाक चिमट्याला घासायला लागलं, म्हणून चाकं बदलली. मी चिडून म्हटलं, "एका गाडीसाठी किती गाड्या तोडशीन?" त्यानं पुढचा नट आवळायला घेतला.

थाळ्या नव्यासारख्या घासून चकाकत होत्या. बसवण्याआधी त्यानं त्या पेट्रोलनं पुसल्या, पुन्हा पुसल्या, आणि मला म्हणाला, बोट लावू नको, बोटाचाही तेलकटपणा नको. मग ब्रेक ऑईलच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक ब्रेकवर. वहिनी गाडीच्या जवळ येत नसत, स्वाती शाळेत, म्हणून दुकान बंद करून मी. तो खाली बसून ओरडायचा, "दाब." मी म्हणायचे, "दाबला." "धर." मी धरून बसायचे, पायात गोळे येईपर्यंत. एकदा कंटाळून मी पाय थोडा ढिला सोडला, तर तो चाकामागून उठून समोर आला. ओरडला नाही. म्हणाला, "हवेचा एक बुडबुडा राह्यला तं पाय खाली जाते, सुमे. पाय खाली जाऊन पाह्यलाय मी." मी पाय पुन्हा पूर्ण दाबला.

हे सगळं नवरात्रात चाललं होतं, आणि काम संपलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक लोखंड देवासमोर येतं. विळे, कुऱ्हाडी, खुरपी, तराजू. वहिनी ती धुऊन पुसून घेतात, हातानं तेल चोळतात, म्हणजे वर्षभर गंज चढायचा नाही, आणि मग हळदकुंकू, फूल. खंडेनवमीच्या सकाळी दादा पाणी द्यायला मळ्यात गेलेला होता. गाडीचं डावं चाक चढवायचं तेवढं राहिलं होतं, आतली थाळी आरशासारखी चमकत होती. उजवी बाजू भिंतीला लागलेली, तिकडे जायला जागा नव्हती. वहिनींना त्या गाडीची भीती होती. बंडीचं प्रकरण झाल्यापासून ती जीव घेईल असं त्यांच्या मनात बसलं होतं. म्हणून त्या शेडमध्ये गेल्या ते भक्तीपेक्षा भीतीनं गेल्या असाव्यात. हे यांचं नवीन लोखंड, यावरच यांचा जीव राहणार आहे, याचीही पूजा झाली पाहिजे... दादा परत आला तेव्हा थाळीच्या मध्यभागी, नटांच्या जागी, हळदकुंकवाचं बोट आणि झेंडूची पाकळी होती. ती जागा ब्रेकच्या कामाची नाही. तो खूश झाला. "तुयी वहिनी आज पहिल्यांदा गाडीपाशी आली," असं मला सांगताना त्याचा आवाज बदलला होता. त्यानं फूल तसंच ठेवलं आणि वरून चाक चढवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दादा म्हणाला, सीमोल्लंघन घाटात करू, ब्रेक तपासून होतील. ज्या उतारावर दगा झाला तसाच उतार त्याला हवा होता, म्हणून निर्मलच्या अलीकडचा महबूब घाट. मोठा रस्ता झाल्यापासून त्या जुन्या घाटात गर्दी नसते. एकटा जाऊ नको म्हणून मी नवी साडी नेसून शेजारी बसले. खरं सांगायचं तर मलाही फिरायचं होतं. सपाटीवर त्यानं दोनचारदा ब्रेक दाबले. गाडी थांबायची, पण जराशी उजवीकडे ओढायची. "नवे हायेत, बसाले टाइम लागते," तो म्हणाला. चिमट्यातल्या नव्या पॅडचं खरंच तसं असतं. पुढे एकदा करपल्यासारखा वास आला, तेव्हाही तो म्हणाला, नव्या मालाचा वास असतो. मला तो वास ओळखीचा वाटला, पण गाडीत तो कशाचा असणार?

घाट सुरू झाला. डावीकडे डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी नाली, उजवीकडे दरी. पहिली वळणं ठीक गेली. मग एका वळणावर समोरून बांबू भरलेला ट्रक वर चढत आला, आणि दादानं पहिल्यांदा ब्रेक पूर्ण दाबला. गाडीनं उजवीकडे उडी घेतली. ओढली वगैरे नाही, उडीच घेतली, ट्रकच्या तोंडाकडे. स्टिअरिंग त्याच्या हातात फिरलं. मी ओरडले, "दाब, दादा, दाब!" आणि त्यानं काय करावं? ब्रेकवरचा पाय उचलला. त्या क्षणी मला वाटलं, झालं, ह्याचं डोकं गेलं. पण पाय उचलला तसं स्टिअरिंग वळलं. ट्रकच्या बांबूंची टोकं त्याच्या बाजूच्या काचेला चाटून गेली, आणि गाडी डावीकडे आली. मग गिअर पाडून, हॅन्डब्रेक थोडा थोडा ओढून, त्यानं ती डोंगराच्या नालीत घातली. डावं अंग खडकाला घासत गेलं तो आवाज मला अजून दाताला जाणवतो. गाडी वाकडी उभी राहिली. इंजिन बंद झालं. पुढच्या कठड्यावर माकडं बसली होती, ती आमच्याकडे पाहत राहिली.

 दादानं गाडी मागे घेऊन नालीबाहेर काढली, उतरला, मागून जॅक आणि पाना काढला आणि तिथेच डावं चाक खोललं. थाळीवर दोन बोटं फिरवली, ती एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. मी विचारलं, "ब्रेक ऑईल गळलं का?" त्यानं मान हलवली आणि बोटं माझ्यापुढे धरली. आता मला तो वास ओळखता आला. आमच्या देवघराचा वास. समईत घालतात ते गोडं तेल. "विळ्याले चोळते तसं चोळलं तिनं," दादा म्हणाला. मध्यभागी कुंकवाचं बोट तसंच होतं. तेल चोळलेलं चमकत्या लोखंडावर दिसणार कसं? एका थाळीला तेल, दुसरी कोरडी. कोरडी धरायची, तेलाची सुटायची, म्हणून गाडी उजवीकडे.

दादा रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसला. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. घाबरलेला दादा मी त्याआधी पाहिला नव्हता. वडील गेले तेव्हाही नाही. मी मात्र तापले. जीव वाचल्यावर माणसाला राग येतो तसा मला वहिनींचा राग आला, आणि मी काहीबाही बोलले. त्यानं मला बोलू दिलं. मग म्हणाला, "मी वाचावं म्हणूनच लावलं ना तिनं? तिले कळलं तं ती पुन्यांदा देवापाशी बसन का? हात लावन का कायले? नाई सांगायचं, सुमे." मी म्हटलं, "अन् तुले गाडीत बसू देणार नाई, हेही आहे ना?" "तेही हाय," तो म्हणाला, आणि माकडांकडे पाहून कसंनुसं हसला. "यायच्यावर घालू. माकड आडवं आलं म्हणू." टाकीतून नळीनं पेट्रोल काढून, माझ्या नव्या साडीचा पदर मागून, हो, पदरच, त्यानं थाळी पुसली. पॅड खडकावर घासले. मग बैलगाडीच्या चालीनं आम्ही परत आलो. दारात वहिनी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती दादाच्या हातावर ठेवली, गाडीच्या खरचटलेल्या अंगाकडे पाहिलं आणि विचारलं. माकड, दादा म्हणाला. मी आत जाऊन साडी बदलली.

नंतर त्यानं दोन्हीकडचे पॅड बदलले, थाळ्या पुन्हा घासल्या, घाटात एकटा जाऊन आला आणि मला येऊन एवढंच म्हणाला, "सरळ थांबते." पुढच्या खंडेनवम्यांना गाडीची चाकं उघडी राहणार नाहीत याची तो काळजी घ्यायचा. वहिनी टायरला फूल वाहायच्या. स्वातीनं चावी मागितली तेव्हा त्यानं ती दिली; पण आधी तिला शेडमध्ये बसवून चाक खोलायला, पॅड पाहायला, थाळी पुसायला शिकवलं. प्रवासाला निघण्याआधी चाक काढून पाहायचं, ही सवय बापाची तशीच्या तशी तिच्यात उतरली. वहिनींना मात्र त्यानं कधीच काही सांगितलं नाही. आणि त्या कधी त्या गाडीत बसल्याही नाहीत. कुठे जायचं झालं तर बस.

दादाचं सगळं आटोपल्यावर गाडीचं काय, हा प्रश्न आला. पाहुण्यांचं एकच, विकून टाका, अपशकुनी आहे. स्वाती हैदराबादला नोकरी करते. ती म्हणाली, मी नेणार. वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्या तेव्हा कशालाच काही म्हणत नव्हत्या. रडल्याही नव्हत्या. आल्यागेल्यांना चहा द्यायच्या, वांगी तोडून बाजाराला पाठवायच्या, आणि मला त्यांच्या त्या शांतपणाचीच भीती वाटायला लागली होती.

स्वाती निघायच्या दिवशी सकाळी मी मावल्याला गेले. तिनं दोन्ही पुढची चाकं काढली होती. इतके दिवस दमट हवेत उभी राहून थाळ्यांवर लाल गंजाचा पातळ थर चढला होता. "आत्या, हा चारदा ब्रेक दाबला की जातो," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली. मी शेडच्या दारात बसले होते. वहिनी आतून आल्या. माझ्याकडे न पाहता गाडीपाशी गेल्या, चाकाजवळ उकिडव्या बसल्या. "पाहा, कसा गंज चढला. ते असते तं चढू देल्ला असता का," त्या म्हणाल्या. तेव्हा मला त्यांच्या डाव्या हातातली वाटी दिसली. उजव्या हाताची बोटं तेलात बुडालेली होती.

दादाला दिलेला शब्द, त्यांची अवस्था, आता हे सांगायची वेळ आहे का, हा सगळा विचार मी नंतर केला. त्या क्षणी मी धावले आणि त्यांचं मनगट पकडलं. वाटी मातीत पडली. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. पण पोरगी तोच डोंगर उतरून जाणार होती, आणि मी आज थांबवलं तरी पुढच्या वेळी तिथे मी असणार होते का? म्हणून मी म्हटलं, "वहिनी, याला तेल लावलं की ब्रेक लागत नाही."

"पण ते तं ब्रेकात तेल टाकत होते. डब्बा पाह्यला मी."

"ते आत नळीत असतं. यावर नको. यावर बोटाचंही तेल नको."

त्या बोटांकडे पाहत होत्या. मग हळूच, शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "मंग त्या दसऱ्याले?"

मी सांगितलं. ट्रक, नाली, पदर, सगळं. माकडाचंही. त्या मध्ये एकदाच बोलल्या. "त्या दिवशी जेवताना हात कापून राह्यला होता त्यायचा. मी म्हटलं, उपास लागला." मग त्यांनी विचारलं, "रागावले होते का मायावर?"

"नाही. घाबरला होता."

"घाबरले होते..." त्या पुटपुटल्या. स्वाती दारात उभी होती, ओल्या केसांनी. तिनं किती ऐकलं कोण जाणे, सगळंच ऐकलं असावं. ती पुढे आली नाही. वहिनी उठल्या, नळावर गेल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले आणि लेकीला म्हणाल्या, "लाव चाकं. मी येतो घाटापर्यंत." स्वातीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. निर्मलहून आम्ही दोघी बसनं परत येऊ, असं ठरलं.

वहिनी पुढे बसल्या, मी मागे, गुडघे पोटाशी घेऊन.  सपाटीवर स्वातीनं ब्रेक दाबून गंज काढला, प्रत्येक वेळी वहिनींनी दाराची मूठ धरली. घाट लागला तशी मला घाम फुटला. सगळं नीट आहे हे माहीत असून फुटला. "कुठं?" वहिनींनी मला विचारलं. मी ते वळण दाखवलं, ती मोरी दाखवली. "इथं दाब," त्या स्वातीला म्हणाल्या. "जोरात दाब. जसा त्यायनं दाबला होता."

"आई..."

"दाब म्हणतो ना."

स्वातीनं आरशात मागे पाहिलं, आणि दाबला. आम्ही तिघी पुढे झुकलो आणि मागे आलो. गाडी थांबली. सरळ थांबली, रस्त्याच्या आपल्या बाजूला, थोडीही न वळता. मी पुढे पाहिलं तर वहिनींचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर, जिथे ब्रेक नसतो तिथे, पूर्ण जोर लावून दाबलेला होता. तो त्यांनी काढला नाही. त्या स्वातीच्या पायाखालच्या ब्रेककडे पाहत होत्या.

"सांगाले पायजे होतं," त्या म्हणाल्या.

मी घाईनं म्हटलं, "वहिनी, दादानंच मला..."

"तुमाले नाई म्हणत." नजर ब्रेकवरच होती, आणि आता त्या दादाशीच बोलत होत्या. "इतके वर्स मी तुमच्यासाठी देवाले तेल वाह्यलं. अन् तुमाले मले एक गोष्ट सांगता आली नाई? मी काय मेली असती का ऐकून? दोघं मिळून घाबरलो असतो..."

आणि मग त्या रडल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं, त्याला नावं ठेवत, त्याच्याशी भांडत. स्वातीनं एका हातानं त्यांचा हात धरला. मीही रडत होते, आणि रडतारडता मला एवढंच दिसत होतं की आम्ही भर उतारावर उभ्या आहोत. स्वातीनं गिअर घातला नाही, हॅन्डब्रेक ओढला नाही, फक्त पाय ठेवला. आईचं रडणं संपेपर्यंत तिनं तो पाय उचलला नाही, आणि गाडी तसूभरही हलली नाही.